काहीच न दिसण्याचं मोजमाप

अतिसंवाहक पदार्थ चुंबकीय क्षेत्राला आपल्या पोटातून बाहेर ढकलतो, एवढं भौतिकशास्त्र घेतलेल्या कुणालाही ठाऊक असतं. काही मोजके अतिसंवाहक मात्र चक्रावून टाकतात. बाहेरून कसलंच क्षेत्र लावलेलं नसताना, संक्रमण तापमानाच्या (ज्याच्याखाली पदार्थ अतिसंवाहक होतो, त्या तापमानाच्या) खाली गेले की त्यांच्या आत आपोआप एक क्षीण क्षेत्र उमटतं. इलेक्ट्रॉनांच्या जोड्या ज्या अवस्थेत बांधल्या गेल्या आहेत, तिला काळाची दिशा उलटी केली तर फरक पडतो, असा त्याचा अर्थ. अशा वेळी टाइम रिव्हर्सल सिमेट्री मोडली असं आम्ही म्हणतो. माझ्या पीएचडीतली बरीच वर्षं एका प्रश्नाभोवती फिरली: आमच्या गटाने बनवलेल्या रेनियमच्या एका मिश्रधातूत ही सममिती मोडते का?

रेनियमवरच सगळ्यांचा डोळा असण्याला कारण होतं. २०१४ साली रेनियम आणि झिर्कोनियमच्या एका संयुगात (सहाला एक या प्रमाणातल्या) असं उत्स्फूर्त क्षेत्र सापडल्याचं प्रसिद्ध झालं. आमचा मिश्रधातू त्याच्याच कुळातला, स्फटिकरचनाही तशीच. उत्तर 'हो' येणार हे जवळपास गृहीत धरूनच आम्ही कामाला लागलो होतो.

पण हे क्षेत्र मोजायचं कशानं? एक तर ते फार लहान. स्ट्रॉन्शियम रुथेनेट या गाजलेल्या अतिसंवाहकात १९९८ साली सापडलेलं क्षेत्र सुमारे अर्धा गाउस होतं, म्हणजे साधारण पृथ्वीच्या क्षेत्राएवढं. बाकी बहुतेक पदार्थांत त्याहूनही कमी. शिवाय त्याची दिशा नमुन्यात जागोजागी वेगवेगळी, त्यामुळे सरासरी शून्य. प्रयोगशाळेतलं मॅग्नेटोमीटर सबंध नमुन्याची गोळाबेरीज सांगतं, आणि इथे नेमकी गोळाबेरीजच निरुपयोगी. अणूंच्या मधल्या फटीत जाऊन बसेल आणि तिथलं क्षेत्र सांगेल असं काहीतरी हवं होतं. ते काम म्युऑन करतो.

म्युऑन म्हणजे इलेक्ट्रॉनाचा २०७ पट जड भाऊबंद. आम्ही वापरतो तो धन भाराचा, त्यामुळे पदार्थात तो हलक्या प्रोटॉनासारखा वागतो आणि ऋण भाराच्या आसपास एखादी सोयीची जागा पकडून बसतो. सरासरी २.२ मायक्रोसेकंद जगतो. स्वतः एक चिमुकला चुंबक असल्याने आजूबाजूला क्षेत्र असेल तर त्याचा स्पिन, म्हणजे त्या चुंबकाची दिशा, त्याभोवती गिरक्या घेतो: एक गाउस क्षेत्रात सेकंदाला १३,५५० फेऱ्या. मरताना तो एक पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनाचा धन भाराचा जुळा) सोडतो, आणि हा पॉझिट्रॉन त्या क्षणी स्पिन जिकडे रोखलेला होता तिकडे जाण्याची शक्यता जास्त असते. म्हणजे प्रत्येक म्युऑन जाता जाता बोट दाखवून जातो. एकट्याच्या बोटावर विश्वास ठेवता येत नाही, पण कोट्यवधींचा कल मोजला की चित्र उभं राहतं.

निसर्गाने ही सोय दोनदा करून ठेवली आहे, याचं मला अजूनही नवल वाटतं. पायॉन या आणखी अल्पायुषी कणाचा क्षय होऊन म्युऑन जन्मतो तेव्हा सगळ्यांचे स्पिन आपसूक एकाच दिशेला असतात. आणि म्युऑन मरतो तेव्हा तो स्पिनची दिशा सांगून मरतो. दोन्हीच्या मुळाशी एकच गोष्ट: दुर्बल आंतरक्रिया, म्हणजे असे क्षय घडवणारं बल, डावं-उजवं सारखं मानत नाही. १९५७ साली गार्विन, लेडरमन आणि वाइनरिक यांनी कोलंबिया विद्यापीठाच्या नेव्हिस सायक्लोट्रॉनवर हे दाखवलं, आणि त्याच छोट्याशा शोधनिबंधात म्युऑन पुढे अणूंमधली चुंबकीय क्षेत्रं शोधायला उपयोगी पडतील असंही लिहून ठेवलं. शोध लावतानाच त्याचा वापर इतका अचूक सांगितल्याची उदाहरणं फार नसावीत.

असे म्युऑन कुणाच्या कॉलेजातल्या लॅबमध्ये तयार होत नाहीत. त्यासाठी प्रोटॉनचा मोठा प्रवेगक लागतो, आणि अशा प्रयोगांची सोय असलेली केंद्रं जगात मोजकीच: ऑक्सफर्डशरमधलं आयसिस, स्वित्झर्लंडमधलं पॉल शेरर इन्स्टिट्यूट, कॅनडातलं ट्रायम्फ, जपानमधलं जे-पार्क, अशी. तिथे वेळ मिळवण्यासाठी प्रस्ताव लिहावा लागतो. आयसिसला वर्षातून दोनदा प्रस्ताव मागवतात. दोन पानांत विज्ञान, कोणतं उपकरण, किती दिवस, कोणतं तापमान, आणि हे काम म्युऑनशिवाय का होणार नाही, एवढं पटवून द्यायचं. शेवटचा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा. माझ्या गाइड मॅडमनी पहिला मसुदा वाचून म्हटलं होतं, "विशिष्ट उष्णतेवरून कळेल असं एकही वाक्य यात ठेवू नकोस." ठेवली नाहीत. वेळ मिळाला.

मग नमुना. न्यूट्रॉनच्या प्रयोगांच्या तुलनेत म्युऑन फार मागण्या करत नाही. लक्ष्याच्या पृष्ठभागावर थांबलेल्या पायॉनांपासून निघालेल्या या म्युऑनांची ऊर्जा ४ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या थोडीशी वर असते, आणि आमच्यासारख्या जड मिश्रधातूत ते मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढ्या खोलीवरच थांबतात. म्हणून नमुना जाड असण्यापेक्षा पसरट असायला हवा, कारण झोत रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठा असतो. आर्क मेल्टिंगने (विजेच्या ठिणगीने वितळवून) बनवलेल्या गोळ्या फोडून त्यांची भुकटी केली आणि पातळ केलेल्या व्हार्निशने ती चांदीच्या पत्र्यावर चिकटवली. चांदी हौसेने वापरत नाहीत. तिच्या अणुकेंद्रांचं चुंबकत्व इतकं कमी असतं की नमुना चुकवून चांदीत घुसलेले म्युऑन आपला स्पिन जवळपास तसाच धरून ठेवतात. त्यांचा वाटा सपाट रेषेसारखा येतो आणि वजा करता येतो. दुसऱ्या कुठल्या धातूचा पत्रा असता तर त्याच्या अणुकेंद्रांची कुजबुजही आमच्या संकेतात मिसळली असती.

आम्हाला मिळालेल्या उपकरणाचं नाव तंत्राच्याच नावावरून ठेवलेलं: म्यू-एस-आर, म्हणजे म्युऑन स्पिन रोटेशन. नमुन्याच्या पुढे आणि मागे मिळून ६४ डिटेक्टरांची दोन कडी. प्रवेगक सेकंदाला ५० वेळा प्रोटॉनांचा झटका देतो. त्यांतले ४० आमच्या बाजूच्या हॉलकडे येतात. वाटेत ग्राफाइटचं पातळ लक्ष्य असतं. बहुतेक प्रोटॉन त्यातून आरपार जाऊन पुढच्या न्यूट्रॉन लक्ष्यावर आदळतात, पण जे थोडे अडतात त्यांच्यातून पायॉन निघतात, आणि पायॉनांतून २६ नॅनोसेकंदांच्या सरासरीने म्युऑन. प्रत्येक झटक्याला म्युऑनांचा एक घोळका नमुन्यात येऊन बसतो, घड्याळ सुरू होतं, आणि पुढचे तीसेक मायक्रोसेकंद पॉझिट्रॉन कधी आणि कुठल्या डिटेक्टरमध्ये आले याची नोंद होते. मग पुढचा घोळका.

प्रत्यक्ष काम ऐकायला जेवढं भारी वाटतं तेवढं नसतं. सुरक्षेचं प्रशिक्षण, छातीवर किरणोत्सर्ग मोजणारा डोसीमीटर, आत कुणी राहिलं नाही ना हे पाहून दार लावणं, किल्ली जागेवर नेऊन फिरवणं, मगच झोत सुरू. नमुना क्रायोस्टॅटमध्ये (अतिशीत ठेवणाऱ्या पात्रात) उतरवला की थंड होण्याची वाट पाहायची. आम्हाला संक्रमण तापमानाच्या बरंच खाली, ३०० मिलिकेल्विनपर्यंत, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या जेमतेम ०.३ अंश वर, जायचं होतं. हेलियम-३ वर चालणारा भाग त्यासाठी पुरेसा होता. वाट पाहताना उपकरणाची जबाबदारी असलेल्या शास्त्रज्ञाने पहिलं मोजमाप करून घेतलं: २० गाउसचं क्षेत्र स्पिनला आडवं लावून. या क्षेत्रात म्युऑन सेकंदाला सुमारे २ लाख ७१ हजार फेऱ्या घेतो, आणि पडद्यावर एक स्वच्छ लाट दिसते. पुढचे आणि मागचे डिटेक्टर सारख्याच क्षमतेने मोजत नाहीत. ही लाट शून्याभोवती समतोल बसेल असा गुणक काढायचा. त्या गुणकाला अल्फा म्हणतात. पुढचं सगळं त्याच्यावर उभं असतं, तरी शोधनिबंधात त्याला अर्ध्या वाक्याच्या वर जागा मिळत नाही.

त्यानंतरचं 'शून्य' तयार करायला मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त खटपट लागली. पृथ्वीचं क्षेत्र, शेजारच्या उपकरणांचे चुंबक, डोक्यावरून जाणारी क्रेन, सगळ्यांचं मिळून नमुन्यावर काही ना काही क्षेत्र असतंच. तीन दिशांच्या वेटोळ्यांमधून विद्युतप्रवाह सोडून ते खोडून काढतात, आणि क्षेत्रमापक सतत बघत राहून प्रवाह आपोआप जुळवत राहतो. अशा रीतीने गाउसच्या शंभराव्या भागापर्यंत शून्य राखता येतं. आम्ही शोधत होतो ते क्षेत्र गाउसच्या दहाव्या भागाएवढं असू शकलं असतं, म्हणून या शून्याची खात्री पटेपर्यंत कुणी पुढे सरकलं नाही.

शून्य क्षेत्रातला पहिला वक्र घेतला तो संक्रमण तापमानाच्या वर. इथे सपाट रेषा येत नाही. रेनियमच्या अणुकेंद्रांना चुंबकत्व आहे, आणि म्युऑन बसतो तिथे त्यांचं मिळून दोन-तीन गाउसचं, प्रत्येक ठिकाणी वेगळ्या दिशेचं, पण स्थिर क्षेत्र असतं. असं असलं की असिमेट्री (पुढच्या आणि मागच्या डिटेक्टरांतल्या नोंदींमधला सापेक्ष फरक, वक्र त्याचाच असतो) हळूहळू खाली येते, एक तळ गाठते आणि पुन्हा सुरुवातीच्या एक तृतीयांशाकडे वर चढते. कुबो आणि तोयाबे यांनी हा आकार कागदावर काढला तो १९६७ मध्ये. प्रयोगात तो दिसायला १९७९ उजाडलं. आमच्या वक्रात तळ सात मायक्रोसेकंदांच्या आसपास येत होता. तोवर म्युऑनांतले फक्त चार टक्के उरलेले असतात, दहा मायक्रोसेकंदांना जेमतेम एक टक्का. तळाजवळचे बिंदू त्यामुळे थरथरत असतात, आणि म्हणूनच पाच कोटींहून जास्त पॉझिट्रॉन गोळा करायचे. त्रुटी निम्मी करायची तर वेळ चौपट. या व्यवहारात घासाघीस चालत नाही.

मग ३०० मिलिकेल्विन. सममिती मोडत असेल तर वक्र जरा जास्त वेगाने खाली यायला हवा. एक कोटी पॉझिट्रॉन झाले तेव्हा मी दोन्ही वक्र एकावर एक ठेवून पाहिले. थंड वक्र खाली होता. फार नाही, पण डोळ्यांना दिसेल इतका. मध्यरात्र उलटून गेली होती, आणि अशा वेळी मनात शोधनिबंधाचं शीर्षक तयार व्हायला लागतं. मॅडमना संदेश पाठवला. त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं: "आकडा पुरा होऊ दे, आणि मधली तापमानं घे."

मधली तापमानं का, हे समजून घेण्यासारखं आहे. वक्र थंड झाल्यावर बदलला, एवढ्याने काही सिद्ध होत नाही. नमुन्यात किंचितशी चुंबकीय अशुद्धी असेल, तर तिचे स्पिन थंडीत मंदावतात आणि वक्र तसाच खाली येतो. फक्त तो बदल संक्रमणाच्या कितीतरी वरून सुरू होतो आणि संक्रमणाची दखलही घेत नाही. अतिसंवाहकतेमुळे उमटलेलं क्षेत्र मात्र नेमकं संक्रमण तापमानालाच सुरू व्हायला हवं. म्हणून एका तापमानाचा निकाल हा निकाल नसतो. आम्ही तापमानं ओळीने घेतली नाहीत, उलटसुलट घेतली. एक वर, एक खाली, मग मधलं. वेळेबरोबर काही सरकत असेल तर ते तापमानाचा परिणाम म्हणून फसवू नये, यासाठी.

जसजसा आकडा वाढत गेला, तसतसा तो फरक विरत गेला. सकाळपर्यंत दोन्ही वक्र एकमेकांवर असे बसले होते की खालचा दिसेना. शेवटी पुन्हा वरच्या तापमानाला जाऊन पहिला बिंदू तपासला, तोही जागेवर. ५० गाउसचं क्षेत्र स्पिनच्या दिशेने लावलं, वक्र सपाट झाला. म्हणजे जे काही क्षेत्र होतं ते अणुकेंद्रांचं, स्थिर, आणि संक्रमणाशी त्याचा संबंध नाही.

निराश झाले का? हो, अर्धा दिवस. पण नुसतं 'काही दिसलं नाही' हे वाक्य आणि 'इतक्यापेक्षा मोठं काही नाही' हे वाक्य यांत फार अंतर आहे. वक्र उतरण्याचा वेग आम्हाला ०.००३ प्रति मायक्रोसेकंद एवढ्या अचूकतेने ठरवता आला होता. म्युऑनच्या गिरकीच्या हिशोबाने ते होतात ०.०३५ गाउस, पृथ्वीच्या क्षेत्राच्या दहाव्या भागाहूनही कमी. रेनियम-झिर्कोनियममध्ये दिसला त्या जातीचा परिणाम आमच्या नमुन्यात असता तर इतक्या बारीक चाळणीतून तो सुटला नसता. बाकी अनेक तंत्रं 'नाही' म्हणतात तेव्हा किती 'नाही' ते सांगत नाहीत. म्युऑन सांगतो, आणि माझ्या मते त्याची खरी ताकद तिथे आहे.

उरलेल्या वेळात उपकरण नव्वद अंशात फिरवून आडव्या क्षेत्रातली मोजमापं घेतली. इथे प्रश्न वेगळा: अतिसंवाहक इलेक्ट्रॉन किती दाट आहेत, आणि त्यांच्या ऊर्जेतली फट (जोडी तोडायला लागणारी किमान ऊर्जा) सगळ्या दिशांना सारखी आहे का. संक्रमणाच्या वर असतानाच ४०० गाउस लावायचे आणि मग थंड करायचं. क्षेत्र व्हॉर्टेक्सच्या, म्हणजे बारीक भोवऱ्यांच्या, रूपाने नमुन्यात शिरून जाळी करून बसतं. या क्षेत्रात दोन व्हॉर्टेक्समधलं अंतर सुमारे २४० नॅनोमीटर येतं. म्युऑन मात्र अणूंच्या अंतरावर विखुरलेले, त्यामुळे काही व्हॉर्टेक्सच्या गाभ्याजवळ पडतात, काही दूर. प्रत्येकाला थोडं वेगळं क्षेत्र भेटतं, प्रत्येकाची गिरकी वेगळ्या वेगाची, आणि सगळ्यांची मिळून बनलेली लाट विझत जाते. किती लवकर विझते यावरून क्षेत्र किती खोल शिरतं ते निघतं. चांदीतल्या म्युऑनांची लाट मात्र विझत नाही. तीही त्याच आलेखात असते आणि वेगळी काढावी लागते. हे काम मनाला शांत करणारं होतं. संक्रमणाच्या वर लाट शेवटपर्यंत चालते, खाली गेलं की स्पष्ट विझते, शंकेला जागा नाही. संक्रमण तापमानाच्या एक तृतीयांशाखाली विझण्याचा वेग बदलायचा थांबला. फटीत कुठे भोक असतं तर तो शेवटपर्यंत सरळ रेषेत वाढत राहिला असता. म्हणजे फट सगळीकडे पूर्ण, अगदी पाठ्यपुस्तकी.

आमच्या पिशवीत आणखी एक नमुना होता, एका सहकाऱ्याचा: कोबाल्टचं एक ऑक्साइड. त्याच्या चुंबकीय ग्रहणक्षमतेत (बाहेरच्या क्षेत्राला तो किती प्रतिसाद देतो, त्यात) नुसता एक पसरट फुगवटा होता, आणि तो पदार्थ खरोखर क्रमबद्ध होतो, म्हणजे त्याच्या अणूंचे चुंबक ठरावीक मांडणीत गोठतात, की त्यातली पाच टक्के अशुद्धीच क्रमबद्ध होते, याचा वाद वर्षभर चालला होता. म्युऑनने तो काही मिनिटांत मिटवला. ठरावीक तापमानाखाली असिमेट्री सुरुवातीलाच नेहमीच्या एक तृतीयांशावर येऊन उभी राहिली. भुकटीत अंतर्गत क्षेत्रं सगळ्या दिशांना सारखी विखुरलेली असतात, म्हणून एक तृतीयांश म्युऑनांना क्षेत्र स्पिनच्याच दिशेने भेटतं आणि ते हलत नाहीत. बाकीचे दोन तृतीयांश इतक्या वेगाने गिरक्या घेतात की ८० नॅनोसेकंद रुंदीच्या झटक्यात त्यांची लाट पुसली जाते. अशुद्धीचाच खेळ असता तर पाच टक्क्यांपुरतीच घट झाली असती. नमुना अख्खा क्रमबद्ध होता. मात्र ती वेगवान लाट प्रत्यक्ष पाहायची तर पॉल शेरर इन्स्टिट्यूटसारखा सलग झोत हवा. तिथे म्युऑन घोळक्याने न येता एकेक करून मोजले जातात, त्यामुळे असे वेग पकडता येतात. सहकाऱ्याने त्यासाठी अर्ज केला आहे.

आमचा निकाल रेनियमच्या कुळात कुठे बसतो, हे मात्र मला अजून नीट लावता आलेलं नाही. स्फटिकरचनेत व्युत्क्रम सममिती नसणं (म्हणजे एका बिंदूतून सगळं उलट बाजूला नेलं तर रचना तीच न राहणं) हेच या उत्स्फूर्त क्षेत्रांचं कारण, असं आधी वाटत होतं. २०१८ साली शुद्ध रेनियममध्येही ती क्षेत्रं दिसली. तिथे व्युत्क्रम सममिती आहे. उलट रेनियम-टंगस्टनच्या तीनास एक संयुगात ती सममिती नाही आणि क्षेत्रही नाही. म्हणजे रचनेपेक्षा रेनियमचं प्रमाण महत्त्वाचं असावं, असा एक विचार आहे. पुढच्या फेरीच्या प्रस्तावात म्हणून रचना तीच ठेवून रेनियमचं प्रमाण कमी-जास्त केलेले तीन नमुने लिहिले आहेत. शून्य क्षेत्रासाठी या वेळी दुप्पट वेळ मागितला आहे. आडव्या क्षेत्राची मोजमापं एकाच नमुन्यापुरती ठेवली आहेत. फटीबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही.